वस्तीवरचा हिरवा चौकोन

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, मंग मागून कोणी म्हणायले नको. दूधवाला माप टाकते तेव्हा मी दुधाकडं नाही, त्याच्या अंगठ्याकडं पाहते. भाजीवाली म्हणाली, घे बाई, तुले म्हणून कमी लावते, की मी समजते, कालची आहे. धरमपेठेत ज्या तीन घरी मी पोळ्या करते, तिथल्या वैद्य मॅडम म्हणतात, अंजनाबाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. हसतात त्या. पण कपाटाची चाबी कुठं ठेवली ते मलेच विचारतात.

तं ऐका. दर मंगळवारी सकाळी दहा वाजता आमच्या वस्तीत, विहारासमोरच्या कडुनिंबाखाली, एका ट्रस्टची पांढरी गाडी उभी राहत होती. सिकलसेलची गाडी. आमच्या भागात हा रोग कोणाले समजावून सांगा लागत नाही, प्रत्येकाच्या नात्यात एखादा पेशंट निघतेच. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात अन् बारीक नसांत अडकतात. मंग हाडं दुखतात. साधं दुखणं नाही बापा, मोठा माणूस भिंतीले डोकं घासते असं. माझी दीप्ती नववीत आहे. ती सहा वर्षांची होती तेव्हापासून आहे तिले. रोज एक गोळी, पाणी भरपूर, अन् महिन्याले रक्त तपासल्याशिवाय पुढच्या गोळ्या भेटत नाही. गाडीतल्या जया सिस्टर हे सगळं पंधरा मिनटांत करून देत. दीप्ती तिथून शाळेत अन् मी तिथून कामावर. आठ वर्षं असं चाललं.

या जानेवारीत एका मंगळवारी गाडी आली नाही. आम्ही म्हटलं, पंक्चर झाली असन. दुसऱ्या मंगळवारी बी नाही. तिसऱ्या मंगळवारी आम्ही चौदा बाया लेकरं घेऊन, फायली घेऊन, बारा वाजेपर्यंत कडुनिंबाखाली बसून राहिलो. मंग मी ड्रायव्हरले, शालिकरामभाऊले फोन लावला.

"ताई," तो म्हणे, "तुमच्या वस्तीचं नाव कटलं. मले काल समजलं."

"कटलं म्हणजे? काहून?"

"वरून यादी आली. तुमची वस्ती आता पैशावाली झाली म्हणतात."

मी फोन कानाचा काढून एकदा फोनकडं पाहिलं. पैशावाली. समोर नाली वाहून राहिली, दीप्तीचे बाबा उमरेडकडं खदानीवर चौकीदारी करून राहिले, रविवारी एक दिवस घरी येतात, अन् आम्ही पैशावाले.

"कोण म्हणते असं?"

"ते मले नाही माहीत ताई. मी फक्त गाडी चालवतो."

माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं. कोणीतरी सांगितलं. घरचं कोणीतरी. बाहेरच्या माणसाले आमच्या वस्तीत पाहायची काय पडली?

त्या महिन्यात दीप्तीले मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. सकाळी सहाची लाइन, दुपारी चारले सुटलो. दीप्तीची शाळा बुडली, माझे तिन्ही घरचे खाडे झाले. एका मॅडमनं तोंडावर सांगितलं, असं दर महिन्याला चालणार नाही हं, अंजनाबाई. मी पोळ्या लाटल्या. पण घरी येऊन हे मी दीप्तीसमोर बोलली, ते बोलायले नको होतं.

मंग मी शोधायले लागली.

माझा संशय पहिल्या झटक्याले रंभाबाईवर गेला. ती माझी शेजारीण, भिंतीले भिंत लागून. दोन वर्षांआधी नळाच्या पाइपावरून आमचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. तिची सून मेघा नवरीचा मेकअप करते. पोट्टी हुशार आहे, हात चांगला आहे तिचा. पण फोटो. मी फोनवर तिनं सोशल मीडियावर टाकलेले फोटो उघडून पाहिले अन् माझं डोकं फिरलं. गळ्यात हार, कानात झुमके, अंगावर भारीचा लेहंगा, मांग सोफा. मी म्हटलं, सापडलं. हे पाहिलं असन ट्रस्टवाल्याइनं, म्हटलं असन, या बाया सोफ्यावर बसतात, याइले गाडी कायले पाहिजे.

मी सरळ तिच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन वर्षांनी.

"तुझ्या सुनेच्या फोटोपायी माझ्या पोरीची गाडी बंद झाली."

रंभाबाई तांदूळ निवडून राहिली होती. तिनं सूप खाली ठेवलं. "तो हार भाड्याचा आहे, बाई. लेहंगा नवरीचा आहे. सोफा कार्यालयातला आहे."

"हे तुले माहीत, मले माहीत. पाहणाऱ्याले काय माहीत?"

"पाहणाऱ्याले कोण बोलावून राहिलं? ती कामासाठी टाकते."

"तिचं काम होते अन् माझी पोरगी मरते."

हे मी बोलली. बोलायले नको होतं, पण बोलली. मेघा आतून आली, तिचं तोंड उतरलं होतं. रंभाबाई माझ्याकडं न पाहता तिले म्हणाली, "काढून टाक वं सगळे. हिच्या मनाले शांती भेटू दे." अन् मले म्हणाली, "तुले भांडाचं असन तं नळावर भांडत जा. दीप्तीचं नाव घेऊन माझ्या दारात नको येत जाऊ. ती पोरगी माझ्या अंगणात वाढली आहे."

मेघानं तिथंच उभ्या उभ्या सगळे फोटो काढून टाकले. त्या फोटोंवरच तिले लग्नाची कामं भेटत होती, अन् लग्नसराई तोंडावर होती. मले वाटलं, चला, आता येते गाडी.

नाही आली.

शेवटी फेब्रुवारीत मी एक अर्धा दिवस सुट्टी घेतली, दीप्तीची फाइल अन् रस्ता पाहायले घरचा मोठा फोन पिशवीत घातला अन् ट्रस्टचं ऑफिस गाठलं. रस्ताभर मनात तयारी करून राहिली होती. तिथं कोणी जाडा माणूस बसला असन, त्याचा कोणी नातेवाईक दुसऱ्या वस्तीत असन, अन् त्यानंच गाडी तिकडं वळवली असन. पण तिथं एक पोरगीच बसली होती. सव्वीस-सत्तावीसची, चष्मा, वैभवी म्हणून नाव. तिनं मले खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी नाही प्यायली. पाणी पाजून परत पाठवणारे मी खूप पाहिले आहेत.

"आमच्याबद्दल तुम्हाले कोणी सांगितलं, त्याचं नाव पाहिजे मले," मी म्हटलं.

"मावशी, कोणीच सांगितलं नाही."

"असं कसं होईन? आपोआप तं कोणी श्रीमंत होत नाही."

तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं वळवला. त्यावर नागपूर होतं, पण रस्ते-घरं नाही, सगळे चौकोन. काही पिवळे, काही हिरवे. पिवळे म्हणजे गरीब, हिरवे म्हणजे बरे. धरमपेठ सगळी हिरवीगार. मंग तिनं बोटानं आमच्याकडचा भाग मोठा केला. सगळं पिवळं, अन् मधात एकच चौकोन हिरवा. पिवळ्या झुणक्यात कोथिंबिरीचं पान पडावं तसा.

"हा तुमचा," ती म्हणाली.

"हा रंग कोण देते?"

"कोणी माणूस देत नाही. पूर्वी घरोघर जाऊन सर्व्हे करायचो आम्ही, त्यात दोन-दोन वर्षं जायची. आता एक कंपनी हा नकाशा तयार करून देते. लोक सोशल मीडिया वापरतात ना, त्यावरून अंदाज काढतात. कुठल्या भागात किती लोक वापरतात, नेट कसं आहे, हातात फोन कुठला आहे. कोणाचं नाव त्यात नसतं. फक्त त्या चौकोनाचा हिशेब. जिथे सरकारी आकडे जुने झालेत, अशा कितीतरी देशांत आता हेच करतात. कुठे पैसा आहे, कुठे नाही, ते असं मोजतात."

"फोटो पाहतात?"

"नाही मावशी. फोटो नाही पाहत."

मले मेघाचं तोंड आठवलं. मी पदर सारखा केला.

"मंग आमचं काय पाहिलं?"

तिनं दोन-तीन ठिकाणी दाबलं. एक रेघ आली, सरळ चाललेली, अन् शेवटी एकदम वर गेलेली. "हे बघा. तुमच्या चौकोनात महागडे फोन खूप आहेत. आधीपासून थोडे जास्त होते, पण दिवाळीनंतर एकदम वाढले. आजूबाजूच्या कुठल्याच वस्तीत इतके नाहीत. म्हणून रंग बदलला."

माझा हात पिशवीत होता, फोनवरच. मी तो बाहेर काढायले पाहिजे होता, पण निघेना.

आता हे तुम्हाले सांगायले पाहिजे. वैद्य मॅडमकडे दर दोन वर्षांनी नवा फोन येते, तो सफरचंदाचं चित्र असलेला. जुना कपाटात पडून राहते. चार दिवाळ्यांआधी त्याइनं जुना मले दिला, काच तडकलेला. मले वाटलं, हे तं बरं आहे. मिठाईचा डबा दोन दिवसांत संपते, साडी मॅडमच्या नणंदेनं नाकारलेली असते. मंग मीच बिल्डिंगमधल्या घरोघरी सांगून ठेवलं, दिवाळीले आम्हाले मिठाई नको, कपडे नको, जुना फोन असन तं द्या, आमच्या वस्तीतल्या बायाइले होईन. लोक खुश. त्याइचं कपाट खाली होते, वरून पुण्य. त्या बिल्डिंगीचं पाहून बाजूच्या बिल्डिंगीवाले देऊ लागले. या दिवाळीले तं मी पोतडी भरून आणले. चार दिवाळ्यांत सदतीस फोन. कोणाची बॅटरी तासाभरात झोपते, कोणाचा वायर लावल्याशिवाय बोलत नाही, माझ्याले रबर बांधलेलं. पण सदतीसच्या सदतीस सफरचंदवाले. रंभाबाईले बी दिला होता, बोलणं बंद असताना, मेघाच्या हातून पाठवला. गुलाबी कव्हरचा.

अन् तेवढ्यावर मी थांबली नाही. जया सिस्टरनं गाडीच्या वेळेचा ग्रुप काढला होता सोशल मीडियावर, तं मीच एकेकीच्या मांग लागून त्यावर खातं काढायले लावलं. काढ वं, गाडी कधी येते ते समजन.

म्हणजे ज्याले मी महिनाभर शोधून राहिली होती, ती मीच होती.

मी फोन काढला अन् वैभवीच्या टेबलावर ठेवला. रबर, तडकलेली काच, सगळं. "हा पाहा तुमचा महागडा फोन," मी म्हटलं. "अन् असे छत्तीस आणखी आहेत. दिवाळीची बख्शीश आहे ती. धरमपेठेची उतरन आहे."

तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. मंग म्हणाली, "हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं."

"मंग बदला रंग."

"मला हाताने नाही बदलता येत, मावशी. आधी हातानेच यादी व्हायची, तेव्हा ओळखीच्या वस्त्यांमध्ये गाड्या जायच्या. तक्रारी आल्या. म्हणून ठरलं, कोणी हात लावायचाच नाही. मी लिहून वर पाठवते, आजच पाठवते. पण पुढची मोजणी एकतीस मार्चला आहे. मग दर तीन महिन्यांनी."

"तोपर्यंत फोन बंद केले तं?"

तिनं दरवाजाकडं पाहिलं. "असं मी सांगू शकत नाही," ती हळू म्हणाली. अन् मंग पाण्याचा गिलास माझ्याकडं सरकवला. या वेळी मी प्यायली.

रविवारी वंदना झाल्यावर मी बायाइले विहारात थांबवून घेतलं. उभी राहिली अन् सगळं सांगितलं. माझ्या फोनांपायी झालं म्हणून सांगितलं. मेघाचा काही दोष नव्हता, हे बी सांगितलं, तिच्याकडं पाहून. मले शरम वाटत होती. रंभाबाई मांग खांबाजवळ बसली होती.

"मंग आता?" कोणीतरी विचारलं.

"एकतीस मार्चपर्यंत सगळे फोन बंद. बंद करून इथं डब्यात."

मेघा म्हणाली, "काकू, फोन कायले बंद करता? नुसतं ते अॅप काढलं तं बी होईन."

पोट्टी बरोबर बोलून राहिली होती, ते आता समजते. पण मी तेव्हा कोणाचं ऐकत होती काय? "अॅप काढलं अन् ते मागून पाहत राहिले तं?" मी म्हटलं. "आपल्या न सांगता त्याइले फोन समजला, तं न सांगता काय काय समजत असन? काही भरवसा नाही. फोनच बंद."

बायाइच्या घरी माणसांजवळ साधे बटनाचे फोन होते, पण ते माणसाच्या खिशात, कामावर. माझ्याजवळ बी एक बटनाचा होता, तो मी कामावर नेत होती. सफरचंदवाला घरी दीप्तीजवळ राहत होता, शाळेतून आली की तिच्या उशाले. तोच पहिला मी डब्यात टाकला. पत्र्याचा मोठा डबा, विहाराच्या कपाटात, चाबी माझ्या कमरेले. दीप्ती म्हणाली, "आई, दुपारी काही झालं तं?" मी म्हटलं, "काय होते? महिनाभराची तं गोठ आहे."

एकेक बाई आली अन् टाकून गेली. रंभाबाई शेवटी आली. तिनं टाकला तो काळा होता, बिनकव्हरचा.

माझ्या नजरेतून सुटते काय? गुलाबी कव्हर कुठं गेलं? मी त्या वेळी बोलली नाही, आधीच तोंड काळं झालं होतं. पण मनात पक्कं बसलं. हिनं दुसरा कोणता तरी मेलेला फोन डब्यात टाकला अन् तिचावाला घरी चालू ठेवला. नळाचा राग काढून राहिली. माझी पोरगी मेली तरी चालते हिले.

मंग मी रोज संध्याकाळी कामावरून आली की बटनाच्या फोनवरून तिचा नंबर लावून पाहायची. एकेक आकडा दाबून. रोज तीच बाई इंग्रजीत, मंग हिंदीत सांगायची, फोन बंद आहे. मले त्यानं समाधान झालं नाही. मी म्हटलं, मी लावते त्या वेळेले बंद ठेवत असन. रात्री भिंतीले कान लावून बसायची, घंटी वाजते काय. दीप्ती माझ्याकडं पाहायची अन् अभ्यासाकडं तोंड फिरवायची. सगळ्या वस्तीवर मी नजर ठेवली. कोणाच्या खिडकीत उजेड निळा दिसला की दार वाजवलं. दोघी-तिघींशी भांडण झालं. एक म्हणाली, अंजनाबाई, कंपनीवाले बरे, ते निदान दारात येत नाही.

मार्चचा दुसरा आठवडा. ऊन तापायले लागलं होतं, शाळा सकाळची झाली होती. मी वैद्य मॅडमकडे कणीक मळून राहिली होती, दुपारचा दीड वाजला असन. ओट्यावर ठेवलेला फोन वाजला. कणकेच्या हातानं उचलून पाहिलं. बटनाच्या फोनवर नाव येत नाही, नंबर येते. तो नंबर मी एका नजरेत ओळखला.

माझ्या मनात पहिले काय आलं, ते बी सांगते, लपवत नाही. मनात आलं, पकडली.

"तं चालूच आहे ना तुझावाला फोन," मी म्हटलं. हॅलो बी नाही म्हटलं.

"चालू आहे," रंभाबाई म्हणाली. "दीप्तीले त्रास होऊन राहिला. छातीत दुखते म्हणते, श्वास लागून राहिला. मी ऑटोत घातलं तिले, मेघा धरून बसली आहे. तू घरी नको येऊ, सरळ मोठ्या दवाखान्यात ये."

मी तशीच निघाली. कणकेचे हात धुतले की नाही, आठवत नाही. मॅडमनं त्याइच्या ड्रायव्हरले सांगितलं, त्यानं सोडलं. वार्डात पोचली तं दीप्तीले ऑक्सिजन लावलेला, हाताले सलाइन, अन् पायाशी रंभाबाई बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाला, वेळेवर आणलं. छातीत अडकलं की वेळ नसते.

दीप्तीनं मले पाहिलं अन् रडायले लागली. मी म्हटलं, दुखते काय. ती म्हणाली, "आई, मी गोळ्या रोज नव्हती घेत. एक दिवसाआड घेत होती."

"काहून वं?"

"महिन्याच्या दोन महिने पुरतात तशा. मंग तुले खाडा नाही होत."

मी खाली बसून गेली. तिथंच, खाटेजवळ, फरशीवर. वस्तीतल्या सदतीस फोनांवर नजर ठेवली मी. उशाजवळच्या गोळ्यांच्या पाकिटावर नाही ठेवली.

संध्याकाळी दीप्ती झोपली तेव्हा मी रंभाबाईले व्हरांड्यात घेऊन गेली. दोघी पायरीवर बसलो.

"डब्यातला कोणाचा होता?" मी विचारलं.

"मेघा आधी ज्या पार्लरात होती, तिथल्या मालकिणीचा. मेलेला." ती पदरानं वारा घेऊन राहिली होती. "पोरगी बारापासून सहापर्यंत एकटी राहते. तू फोन बी उचलून नेला घरून. मी दुपारी चालू ठेवत होती, तू आली की बंद. तुझे कान लय तेज आहे ना."

"मले सांगितलं का नाही?"

"तुले? तू म्हणाली असती, गाडी बुडवायले बसली."

खरं होतं. मी हेच म्हणाली असती. मी बसल्या जागी रडली, अन् तिनं मले थांब म्हटलं नाही. मंग म्हणाली, "चाल, पोरगी उठली असन." नळाचं काही निघालं नाही, तेव्हा बी अन् नंतर बी.

दीप्ती नऊ दिवसांनी घरी आली. वस्तीत प्रत्येकीनं विचारलं, दवाखान्यात इतक्या लवकर कसं नेलं. मी म्हटलं, रंभाबाई होती. फोन कुठून लागला, ते कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. एकतीस मार्च झाला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वैभवीचा फोन आला. आवाजावरून खुश वाटली. "मावशी, तुमचा चौकोन पिवळा झाला. मंगळवारपासून गाडी सुरू." मंग म्हणाली, "मी लिहिलं होतं त्याचं काही उत्तर आलं नाही. मग हे कशामुळे झालं?"

"दीड महिन्यात गरीब झालो, बाई," मी म्हटलं. "मेहनत घेतली त्यासाठी."

ती हसली नाही.

मंगळवारी गाडी आली. शालिकरामभाऊनं त्याच्या जागेवर, कडुनिंबाखाली लावली. जया सिस्टर उतरल्या, त्याइनं दीप्तीले जवळ घेतलं, रक्त काढलं, गोळ्या दिल्या. आम्ही चौदाच्या चौदा बाया होतो. फोन अजून डब्यातच, कारण मोजणी दर तीन महिन्याले. आम्हाले गाडी पाहिजे असन तं आमचे फोन कोणाले दिसायले नको, आता हे असंच. कोणी कुरकुर करते, पण डब्याची चाबी मागत नाही.

जया सिस्टरनं नवा फॉर्म काढला. दीप्ती अॅडमिट होऊन आली म्हणून भरायचा होता.

"घरी कोणी नसताना लावायचा नंबर सांगा," त्या म्हणाल्या. "चालू असलेला पाहिजे हं. बंद नंबर काही कामाचा नाही."

सगळ्या बाया एकमेकींकडं पाहून राहिल्या. चालू फोन कोणाकडे असन, अन् असन तं कोणत्या तोंडानं सांगन. रंभाबाई मांग उभी होती, मेघाच्या लेकराले कडेवर घेऊन. तिनं मान खाली घातली.

मी म्हटलं, "रंभाबाईचा लिहा. दुपारभर चालू राहते."

बायाइच्या माना तिच्याकडं वळल्या. मंग माझ्याकडं वळल्या. मी एकेकीच्या डोळ्यात पाहिलं, कोणाले काही म्हणायचं असन तं म्हणावं.

"नंबर?" सिस्टरनं पेन टेकवला. "रंभाबाई, सांगा."

तिच्याआधी मीच सांगितला. दहाचे दहा आकडे, कुठं न अडता. पाठ होता मले. महिनाभर रोज संध्याकाळी लावून पाहत होती ना मी.